ग्रंथपाल शिक्षक की शिक्षकेतर? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे : पगार प्राध्यापकाचा आणि वागणूक कारकुनाची. दोन प्रश्न मात्र समोरच्या बाजूचे आहेत, एका प्राध्यापकाचा आणि एका प्राचार्यांचा. तेही मुद्दाम घेतले आहेत.

मी अनुदानित महाविद्यालयात सेट (राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण ग्रंथपाल आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर माझं नाव शिक्षकेतर यादीत आहे. स्टाफ मीटिंगची नोटीस माझ्याकडे येत नाही. बायोमेट्रिक हजेरी मात्र सकाळ-संध्याकाळ द्यावी लागते. प्राचार्य म्हणतात, "तुम्ही वर्गावर कुठे जाता?" कायद्याने मी कोण?
— ग्रंथपाल, शिरपूर

महाराष्ट्रात कायद्याने तुम्ही शिक्षक आहात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम २ मधली 'शिक्षक' ही व्याख्या काढून पाहा. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक यांच्याबरोबर विद्यापीठाचे उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल आणि महाविद्यालयीन ग्रंथपाल त्यात नावानिशी आहेत. आधीच्या १९९४ च्या कायद्यातही ते होते. म्हणजे ही काही नवी मेहेरबानी नव्हे. अट एकच, नेमणूक पूर्णवेळ आणि विद्यापीठाची मान्यता मिळालेली हवी.

गोंधळ होतो तो यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमावलीमुळे. १८ जुलै २०१८ च्या विनियमांच्या शीर्षकातच 'शिक्षक आणि इतर शैक्षणिक कर्मचारी' अशी जोडी आहे आणि ग्रंथपाल त्यातल्या दुसऱ्या गटात बसतो. राज्याच्या ८ मार्च २०१९ च्या सातव्या वेतन आयोगाच्या निर्णयातही 'शिक्षक व समकक्ष पदे' अशीच भाषा आहे. पण इतर शैक्षणिक म्हणजे शिक्षकेतर नव्हे. शिक्षकेतर संवर्गाच्या सेवाशर्ती वेगळ्या, वेतनश्रेणी वेगळी. तुम्ही शैक्षणिक स्तर १० वर आहात, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, सहायक प्राध्यापकाइतकंच.

"वर्गावर जात नाही" या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा पी. एस. राममोहन राव विरुद्ध आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठ हा निकाल उपयोगी पडतो. तो शारीरिक शिक्षण संचालकाबद्दल आहे, ग्रंथपालाबद्दल नाही, हे अर्जात प्रामाणिकपणे लिहा. पण शिकवणं चार भिंतींच्या वर्गातच होतं असं नाही, हा त्यातला विचार ग्रंथपालालाही लागू पडतो असं आमचं मत आहे. तुमच्या बाबतीत तर अधिनियमाने नावच घेतलं आहे, त्यामुळे या निकालावर फार विसंबायची वेळ येऊ नये.

करायचं काय? तोंडी वाद घालू नका, स्टाफरूममधल्या वादाचं इतिवृत्त होत नाही. आधी पदाची जाहिरात, निवड समितीचा अहवाल, नेमणूक आदेश, विद्यापीठाचं मान्यतापत्र आणि वेतननिश्चितीचा तक्ता यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावा. मग सेवापुस्तक मागून पदनाम आणि संवर्ग काय लिहिलाय ते पाहा. 'शिक्षकेतर' असा शिक्का तिथे असेल तर खरी चूक तिथे आहे, संकेतस्थळावर नाही. ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण निवृत्तिवेतनाच्या कागदांपर्यंत ती तुमच्या मागे येईल. अर्ज प्राचार्यांच्या नावे करा, प्रत आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांना द्या आणि आवक क्रमांक घ्या. 'सन्मानाची वागणूक मिळावी' असं मोघम मागू नका. संकेतस्थळाच्या यादीतला बदल, सभेच्या नोटिशीत नाव आणि विद्यापीठ निवडणुकीच्या शिक्षक मतदार यादीत नोंद, अशा नेमक्या तीन गोष्टी मागा. मतदार यादीच्या बाबतीत जागरूक राहा. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत संपली की कायदा तुमच्या बाजूने असूनही मत जातं.

बायोमेट्रिकविरुद्ध मात्र भांडू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

५ ऑगस्ट २०२१ ला रुजू झालो. पीएच.डी. २०२४ मध्ये मिळाली. स्तर ११ साठी अर्ज कधी आणि कसा करावा? आमच्याकडे प्राध्यापकांचेच प्रस्ताव तयार होतात, ग्रंथपालाचा नमुना कोणालाच माहीत नाही.
— ग्रंथपाल, तळोदा

स्तर १० वरून ११ ला, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर पदोन्नतीने, जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. म्हणजे तुमची तारीख ५ ऑगस्ट २०२५. अर्ज देय तारखेच्या तीन महिने आधीपासून देता येतो. त्याआधी दोन गोष्टी झालेल्या हव्यात. एक, २१ दिवसांचा ओरिएंटेशन कार्यक्रम. दोन, ग्रंथालय स्वयंचलन, डिजिटायझेशन, देखभाल अशा विषयावरचं किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण, चर्चासत्र किंवा कार्यशाळा. दोन दिवसांची एक आणि तीन दिवसांची दुसरी अशी बेरीज करून पाच दाखवणारे प्रस्ताव छाननीत अडकतात, सलग पाच दिवसांचं एकच प्रमाणपत्र घ्या.

ओरिएंटेशन राहून गेलं असेल आणि तुम्ही ते डिसेंबर २०२५ मध्ये केलं असेल, तर पदोन्नतीची तारीखही तिथे सरकते. ऑगस्टची तारीख परत मिळत नाही. ग्रंथपालांचं ओरिएंटेशन राहतं त्याचं कारण ठरलेलं आहे : "तुम्ही गेलात तर ग्रंथालय कोण उघडणार?" म्हणून अर्ज सहा महिने आधी द्या, पर्यायी व्यवस्था स्वतःच सुचवा आणि नकार मिळाला तर तो लेखी घ्या.

प्रस्तावाचा गाभा म्हणजे यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांच्या परिशिष्ट २ मधला तक्ता ४. प्राध्यापकांचा तक्ता वेगळा आहे आणि अनेक कार्यालयं चुकून तोच छापून ग्रंथपालाच्या हातात ठेवतात. मग 'घेतलेले तास' या रकान्यात शून्य भरावं लागतं. असा नमुना भरूच नका, परत करा.

तक्ता ४ मधली पहिली बाब नियमित हजेरी. अपेक्षित दिवसांपैकी ९० टक्के किंवा जास्त असेल तर 'चांगले', ८० ते ९० असेल तर 'समाधानकारक', त्याखाली नापास. हजेरी मोजायला संगणकीय साधन वापरावं अशी शिफारस त्याच तक्त्याखालच्या टिपेत आहे. म्हणून म्हटलं, बायोमेट्रिकचा मासिक गोषवारा हा तुमचा पुरावा आहे, प्राचार्यांच्या सहीने दर महिन्याला फाइलला लावत जा. मंजूर रजेचे आदेशही त्याच फाइलला हवेत. प्राध्यापकांच्या तक्त्यात प्रसूती, बालसंगोपन, अध्ययन आणि वैद्यकीय रजेचा काळ मूल्यांकनातून वगळण्याची स्पष्ट टीप आहे. त्याच धर्तीवर मागणी करताना आदेश हाताशी लागतात.

दुसरी बाब चर्चासत्रं आणि कार्यशाळा. राष्ट्रीय पातळीची एक आणि राज्य किंवा संस्था पातळीची एक घेतली तर 'चांगले'. ते जमत नसेल तर संस्था पातळीच्या चार घेतल्या तरी 'समाधानकारक' मिळतं. अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यातल्या महाविद्यालयाला राष्ट्रीय चर्चासत्राचा खर्च कशाला? एखाद्या पुस्तकावरचा किंवा साहित्यप्रकारावरचा कार्यक्रमही चालतो. अहिराणी किंवा पावरी बोलीतल्या साहित्यावर वर्षात चार कार्यक्रम घेणं कोणालाही जमेल. प्रत्येकाची नोटीस, उपस्थितीपत्रक, छायाचित्र आणि दोन परिच्छेदांचा अहवाल त्याच आठवड्यात तयार करा. चार वर्षांनी तो कागद जुळवायला बसलात की उपस्थितीपत्रक सापडत नाही.

तिसरी बाब संगणकीय सूची. डेटाबेस असेल तर सर्व पुस्तकं-नियतकालिकं त्यात हवीत : १०० टक्के नोंद 'चांगले', ९९ टक्के 'समाधानकारक'. ९५ टक्के नोंद झाली म्हणून खूश होऊ नका, तिला काहीच श्रेणी नाही. राहिलेले पाच टक्के बहुधा जुनी बांधीव नियतकालिकं, भेट आलेली पुस्तकं आणि विभागीय ग्रंथालयांतले संच असतात. पडताळणी समिती नेमका तिथेच हात घालते. चौथी बाब पुस्तक पडताळणी, तिच्यावर खाली स्वतंत्र प्रश्न आहे. पाचव्यात संशोधन लेख, वाचकांसाठी अल्पमुदतीचा अभ्यासक्रम, ग्रंथालय जाळ्याचा प्रसार, माहिती पोहोचवण्याची व्यवस्था, प्रवेश-परीक्षांच्या कामातली मदत अशा उपक्रमांपैकी कोणतेही दोन केले तर 'चांगले'. परीक्षेच्या कामाचे आदेश जपून ठेवा. वर्षानुवर्षं पर्यवेक्षण करूनही एक आदेश दाखवता न येणारे ग्रंथपाल कमी नाहीत.

एकूण श्रेणी अशी निघते : पहिल्या बाबीत 'चांगले' आणि इतर कोणत्याही दोन बाबींत किमान 'समाधानकारक', तर एकूण 'चांगले'. मात्र त्या दोनपैकी एक चौथी, म्हणजे पडताळणीची, असलीच पाहिजे. तुमच्या चार वर्षांपैकी किमान तीन वर्षांचे वार्षिक अहवाल 'समाधानकारक' किंवा 'चांगले' लागतील. वाचकांच्या तक्रारींची नोंद आणि त्यांचं निवारण समितीपुढे ठेवता येईल, असंही त्याच टिपेत आहे. तक्रारवही कोरी असणं हे चांगल्या सेवेचं लक्षण कोणी मानत नाही. चार तक्रारी आणि त्यांच्यासमोर तारखेसह केलेली कार्यवाही जास्त बोलते.

प्रस्ताव आयक्यूएसीच्या पडताळणीतून छाननी समितीकडे, तिथून विद्यापीठाकडे आणि शेवटी वेतननिश्चितीसाठी जळगावच्या उच्च शिक्षण विभागीय सहसंचालक कार्यालयात जातो. आकडा आधीच काढून ठेवा. चार वेतनवाढींनंतर तुमचं मूळ वेतन ६४,९०० झालं असेल. पदोन्नतीला त्याच स्तरात एक काल्पनिक वाढ, म्हणजे ६६,८००. स्तर ११ ची पहिलीच पायरी ६८,९०० आहे, म्हणून वेतन तिथे निश्चित होईल. पीएच.डी.च्या आगाऊ वेतनवाढी यात धरू नका. सातव्या आयोगात पीएच.डी.चा फायदा लवकर मिळणाऱ्या पदोन्नतीतूनच दिला आहे.

२८,००० पुस्तकं. नऊ वर्षांनी पडताळणी केली आणि ३९० पुस्तकं सापडली नाहीत. पदोन्नती गेली का? वसुली निघेल का?
— ग्रंथपाल, चाळीसगाव

३९० म्हणजे १.३९ टक्के. तक्ता ४ प्रमाणे अर्ध्या टक्क्याच्या आत 'चांगले', एका टक्क्याच्या आत 'समाधानकारक', एक टक्का किंवा जास्त असेल तर नाही. तुमच्या संख्येवर हे उंबरठे १४० आणि २८० चे होतात. पण पहिल्या फेरीचा आकडा हा हरवलेल्या पुस्तकांचा आकडा नसतो. तो फक्त 'जागेवर न सापडलेल्या' पुस्तकांचा असतो. घाईघाईने तोच अहवालात लिहून सही करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

यादी दाखल अंकांनुसार (प्रत्येक पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकानुसार) पुन्हा घ्या आणि चाळणी लावा. प्राध्यापकांच्या नावावर वर्षानुवर्षं असलेली पुस्तकं, त्यातही बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेल्यांची, आधी पाहा. निवृत्त होताना ना-देय दाखला देण्याआधी कार्ड तपासलं नसेल तर तिथे तुमची किंवा आधीच्या ग्रंथपालाची सही आडवी येते. मग विभागीय ग्रंथालयं, पुस्तकपेढीचे संच, बांधणीला गेलेले गठ्ठे, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) भेटीसाठी प्रदर्शनात मांडून तिथेच कपाटात राहिलेली पुस्तकं. एकाच पुस्तकाला दोन दाखल अंक पडले असतील तर मूळ दाखलनोंद वहीशी ताळा घेतल्यावर कळतं. पूर्वी निर्लेखित होऊनही, म्हणजे नोंदीतून बाद होऊनही, संगणकात जिवंत राहिलेली पुस्तकं हा तर मोठा साठा निघतो, त्यासाठी जुने कार्यकारिणीचे ठराव चाळावे लागतात. एवढं झालं की कपाटांची दुसरी फेरी करा. वर्गांक चुकून भलत्या कपाटात शिरलेलं पुस्तक पहिल्या फेरीत सुटतं, कारण तपासणारा यादीत पाहून पुस्तक शोधतो. दुसऱ्या फेरीत उलट करा : कपाटातलं प्रत्येक पुस्तक बारकोडने वाचा आणि मग यादीशी जुळवा. कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये यासाठी साठा-तपासणीची सोय आहे, वाचलेल्या बारकोडांची फाइल चढवली की न सापडलेल्यांची यादी तीच देते.

मे महिना यासाठी सोयीचा, कारण देवघेव बंद ठेवता येते. जळगाव-धुळ्याच्या उन्हात पत्र्याखालच्या साठवणखोलीत दुपारी काम होणार नाही, ती खोली सकाळीच उरका. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं वाचनकक्षात बसतात, तो बंद करू नका. फक्त पुस्तक बाहेर जाणं थांबवा.

वसुलीबद्दल. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधला नियम २१५ सांगतो की वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी समजावी, जर त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल. १,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची मात्र चौकशी करावीच लागते. हा नियम राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयाला थेट बांधील नाही, पण आधार म्हणून मांडता येतो. हिशोबातला फरक नीट समजून घ्या. इथे टक्केवारी देवघेवीवर आहे, तक्ता ४ मध्ये ती साठ्यावर धरली जाते. वर्षाला ४०,००० पुस्तकं फिरत असतील तर एका वर्षात २०० ची हानीही या नियमात बसते. उघड्या कपाटांची पद्धत असेल तर अहवालात ते ठळक लिहा, नियमाच्या मागचं कारणच ते आहे.

उरलेली खरी हरवलेली पुस्तकं ग्रंथालय समितीपुढे ठेवून निर्लेखनाचा ठराव घ्या. ती जीर्ण किंवा वाळवी लागलेली दाखवून बाद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो खोटा दस्तऐवज होतो आणि ३९० पुस्तकांच्या हिशोबापेक्षा फार जड जातो. आणि नऊ वर्षांचा अनुशेष एकाच वर्षावर पडू नये म्हणून अहवालात आधीच्या पडताळणीची तारीख लिहा. त्याच वित्तीय नियमात २०,००० पर्यंतच्या ग्रंथालयाला दरवर्षी आणि ५०,००० पर्यंतच्याला तीन वर्षांतून एकदा पूर्ण पडताळणी सांगितली आहे. पदोन्नतीसाठी मात्र वर्षाच्या अहवालात पडताळणी केल्याची नोंद लागते, म्हणून तीन वर्षांवर विसंबू नका.

ग्रंथपालांबद्दल आदर आहे. पण आम्ही तास घेतो, उत्तरपत्रिका तपासतो, संशोधन करतो. तोच पगार आणि तोच दर्जा ग्रंथपालाला का?
— सहयोगी प्राध्यापक, धुळे

प्रश्न रास्त आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली यूजीसीने १९५७ मध्ये नेमलेल्या ग्रंथालय समितीने ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीचं वेतन आणि स्थान द्यावं अशी शिफारस केली होती. रंगनाथन स्वतः आधी गणिताचे अध्यापक होते, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. दोन्ही बाजूंचं काम त्यांनी केलेलं होतं. अमेरिकेत १९७२ मध्ये तिथल्या ग्रंथपालांच्या आणि प्राध्यापकांच्या संघटनांनी मिळून निवेदन काढलं, त्यात समान हक्कांबरोबर समान जबाबदाऱ्याही मान्य केल्या होत्या : संशोधन, सहकाऱ्यांकडून मूल्यमापन, सगळंच. आपल्याकडे हक्कांचं बोलणं जास्त झालं, दुसऱ्या भागाचं कमी, ही टीका आम्हाला मान्य आहे.

पण कामाकडे पाहा. तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा साधर्म्य अहवाल कोण काढतं? यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य विनियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांत सुधारित प्रबंध, पुढे शिक्षा वाढत जाते. उद्धृतं, संदर्भसूची, सर्वसामान्य संज्ञा वगळून तो अहवाल नीट वाचायला शिकवणं हे अध्यापनच आहे. एन-लिस्ट या ऑनलाइन योजनेतली नियतकालिकं, शोधगंगा या संकेतस्थळावरचे प्रबंध मुलांना शोधता यावेत यासाठी घेतलेला तास वेळापत्रकात नसतो म्हणून तो तास नसतो असं नाही. आमची सूचना ग्रंथपालांनाही आहे : तो तास वेळापत्रकात घालून घ्या. पदव्युत्तर वर्गांना सत्रात किमान चार तास मागा, हजेरी घ्या, छोटी चाचणी ठेवा.

ग्रंथपालाला पीएच.डी. मार्गदर्शक होता येतं का?
— ग्रंथपाल, जळगाव

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत मार्गदर्शक 'कायम अध्यापक' हवा : प्राध्यापक-सहयोगी प्राध्यापकाला पाच, सहायक प्राध्यापकाला तीन समीक्षित शोधलेख. ग्रंथपालाचं पदनाम त्यात नाही. अधिनियमातली शिक्षकाची व्याख्या आणि समकक्ष स्तर दाखवून मागणी करता येते. पण निर्णय कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या नियमांवर आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास विद्याशाखेतल्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रावर अवलंबून आहे. केंद्र नसेल तर मान्यता मिळूनही विद्यार्थी मिळणार नाही, म्हणून आधी केंद्राचा पत्ता काढा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली आहे. 'केअरमधला लेख' अशी अट कोणी अजून घालत असेल तर त्याला हे सांगा.

निवृत्तीचं वय प्राध्यापकांइतकंच हवं ना?
— ग्रंथपाल, अमळनेर

इथे बाजू कमकुवत आहे. केंद्राने ३१ डिसेंबर २००८ च्या पत्रात वर्गात शिकवणाऱ्यांना ६५ वर्षं दिली आणि ग्रंथपाल व शारीरिक शिक्षण संचालकांना स्पष्टपणे ६२ वर ठेवलं. कारण दिलं, या पदांची टंचाई नाही. राज्याच्या महाविद्यालयांत वय राज्य शासन ठरवतं. समान व्याख्येवरून समान वय आपोआप मिळेल असं धरून घराच्या कर्जाचे हप्ते ठरवू नका.

एम.लिब. चालू आहे. सेट करू की सरळ पीएच.डी.?
— विद्यार्थिनी, चोपडा

सेट, किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा). एम.लिब.ला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे. सेट हातात असेल तर जाहिरात निघाल्यावर लगेच अर्ज करता येतो, पीएच.डी. नोकरीत राहूनही होते. परीक्षेच्या तयारीबरोबर कोहा स्वतःच्या संगणकावर बसवून शंभर पुस्तकांची मार्क नोंद (ग्रंथसूचीच्या ठरावीक संगणकीय नमुन्यातली) करून पाहा. मुलाखतीत वर्गीकरणाचे सिद्धांत सगळेच सांगतात. रुचीच असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे, पुढच्या संशोधनाला तो विषय घराजवळ आहे. उपग्रंथपाल पदाकडे जाताना हस्तलिखित व अभिलेख व्यवस्थापनातली पीएच.डी. यूजीसीला चालते.

आमच्याकडे ग्रंथपालाचं पद रिक्त आहे. कनिष्ठ लिपिकाकडे कार्यभार दिला आहे. चालेल ना?
— प्राचार्य, धडगाव

देवघेव चालेल. पण नॅकच्या ४.२ या निकषात स्वयंचलन, ई-साधनं, वार्षिक खर्च आणि रोजचा वापर यांची माहिती मागतात, ती त्या लिपिकाला देता येणार नाही, आणि पडताळणीत पुस्तकं कमी निघाली तर जबाबदार कोण हा प्रश्न उरेल. कार्यभार देताना दाखल अंकांनुसार यादी, रोख दंडाची शिल्लक, चाव्या, सॉफ्टवेअरचा पासवर्ड आणि डेटाचा बॅकअप यांची दोघांच्या सहीची चार्जयादी करा. पासवर्ड पूर्वीच्या ग्रंथपालाबरोबर निवृत्त होतो, तो आधी मागून घ्या. रिक्त पदाचा प्रस्ताव रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली) तपासणीसह सहसंचालक कार्यालयात दरवर्षी पाठवत राहा आणि त्याची पोच ग्रंथालय समितीच्या इतिवृत्तात नोंदवा.